अनुमोदक : म्वालिमू खायेम्बा

चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गाच्या, इंग्रजीच्या पेपरात सभेचं इतिवृत्त लिहायला येतं आणि त्याला वीस मार्क असतात, हे मी, इथला म्वालिमू म्हणजे मास्तर खायेम्बा, गेली सव्वीस वर्षं पोरांना घसा फोडून सांगतो आहे. सव्वीस वर्षं पोरं ते वीस मार्क परीक्षा मंडळाला देणगी दिल्यासारखे सोडून घरी येतात. दोष पोरांचा नाही. आमच्या गाईडातलं नमुना इतिवृत्त टपालाची तिकिटं जमवणाऱ्या मंडळाचं आहे. आमच्या नामुलेकीतलं टपाल ऑफिस बंद पडलं तेव्हा ही पोरं जन्मलीसुद्धा नव्हती. त्यातून वर्गात पोरं त्रेचाळीस आणि गाईडं सात. सातातल्या दोन गाईडांची नेमकी तीच पानं कुणीतरी शेंगदाणे बांधायला नेलेली.

तेव्हा मी ठरवलं की आपलं साहित्य आपण तयार करायचं. अस्सल, गावातलं, पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं. या उद्योगात नान्जालाच्या आईची टपरी उठायची वेळ आली आणि ती उठवणारा मीच निघालो, हे आधीच सांगून टाकतो. वस्तीत ही गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली जाते आणि चारही तऱ्हांमध्ये मी मूर्ख ठरतो. खरी हकिकत मला ठाऊक आहे. तीत मी इतका मूर्ख नाही.

कल्पना साधी होती. आमच्या वस्तीला सार्वजनिक नळ आहे, नळाला कमिटी आहे आणि कमिटीची महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये सभा भरते. पोरांना तिथं न्यायचं, बसवायचं आणि प्रत्येकानं इतिवृत्त लिहायचं. मी हे मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं.

"पोरं फाटकाबाहेर जाणार?" बाईंनी विचारलं.

"हो मादाम. दोनशे पावलं."

"दोनशे असोत नाहीतर दोन हजार. फाटकाबाहेर म्हणजे शैक्षणिक सहल."

शैक्षणिक सहल म्हटल्यावर पालकांची संमतिपत्रं आली, प्रथमोपचाराची पेटी आली, मार्गाचा नकाशा आला आणि शिक्षण कार्यालयाचा फॉर्म आला. नकाशात मी शाळा काढली, चर्च काढलं आणि मध्ये एक रेघ मारली. फॉर्ममध्ये 'कोणकोणते प्राणी पाहणार' असा रकाना होता, कारण आमच्याकडच्या सहली अभयारण्यातच जातात. रकाना मोकळा सोडला तर फॉर्म परत येतो, म्हणून मी 'कमिटी' असं लिहिलं. चौथ्या दिवशी मंजुरी आली. त्यावरून तो फॉर्म कुणी किती वाचला असेल ते समजावं.

कमिटीचा चेअरमन वालुबेंगो. हा माणूस एरवी सभेला चपला घालून येतो. त्रेचाळीस जण आपला शब्द न् शब्द लिहून घेणार म्हटल्यावर तो कोट चढवून आला आणि खोकताना देखील सावकाश खोकू लागला, जणू तेही कुणी टिपून घेणार होतं. पोरं मागच्या बाकांवर बसली. मी त्यांना बजावून ठेवलं होतं, "तुम्ही फक्त निमंत्रित. निमंत्रिताला बोलायचा हक्क नसतो. तोंडातून ब्र काढायचा नाही आणि इतिवृत्तात आपलं मत घालायचं नाही. जे झालं तेच लिहायचं."

प्रार्थना अठरा मिनिटं चालली. मग पहिला ठराव आला, नळ सकाळी सहाला उघडावा. आमच्या लोकांची एक वाईट खोड आहे. ठराव आला की सगळे मिळून "हो हो हो" म्हणतात. सूचक कोण, अनुमोदक कोण, याचा पत्ता नाही. आणि परीक्षेत तर सूचकाचं नाव एक मार्क, अनुमोदकाचं नाव एक मार्क. मी मागे वळून पाहिलं. त्रेचाळीस पेनं हवेत थांबली होती. मला राहवेना. मी उठलो आणि म्हणालो, "माझं अनुमोदन."

त्रेचाळीस पेनं एकदम कागदावर उतरली. काय आवाज होता तो! सव्वीस वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता.

मग मला थांबवणार कोण. पाइपाच्या गळतीला मी अनुमोदन दिलं, म्हणजे गळती बंद करायला. रांगेच्या शिस्तीला दिलं. चहाच्या सुट्टीलाही दिलं. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले आणि वालुबेंगो म्हणाला, "नळाच्या नव्या टाकीचं उद्घाटन पुढच्या पंधरवड्यात शनिवारी आहे. वॉर्डाचे मेंबरसाहेब येणार. तर नळापासून दहा पावलांच्या आतलं सगळं बांधकाम त्याआधी हलवावं." तो 'हलवावं'वर पोचायच्या आत मी उभा होतो.

आता नळापासून दहा पावलांच्या आत बांधकाम कसलं, तर चार खांब आणि वर एक पत्रा, नान्जालाच्या आईची भाजीची टपरी. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, अकरा वर्षं माझ्या घरची भाजी तिथूनच येते. पण त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढे टपरी नव्हती. अनुमोदकाचा रकाना होता. नान्जालाची आई सभेत नव्हती, कारण सभेची वेळ हीच तिची विक्रीची वेळ. नान्जाला मात्र होती. तिसऱ्या बाकावर, माझ्या वर्गातली पोर, खाली मान घालून लिहीत होती.

घरी येऊन मी त्रेचाळीस इतिवृत्तं तपासली. तपासणाऱ्याची नजर कशी असते ते परक्याला कळायचं नाही. आम्ही मजकूर वाचत नाही, आकार वाचतो. शीर्षक आहे? आहे. उपस्थित, अनुपस्थित? आहेत. भूतकाळ? आहे. सूचक, अनुमोदक? आहेत. सहीला जागा? आहे. नान्जालाच्या कागदावर माझं लाल पेन कुठे टेकेचना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी वीसपैकी वीस दिले, खाली 'उत्कृष्ट' लिहिलं, सही केली आणि भरात येऊन इंग्रजी विभागाचा शिक्काही मारला.

मग पुस्तिका केली. पहिल्या भागात इतिवृत्ताचे नियम आणि नान्जालाचं उत्तर, नमुना म्हणून जसंच्या तसं, शिक्क्यासकट. दुसऱ्या भागात साहित्याची तयारी. साहित्याच्या पेपरात पोरं 'नायक फार चांगला होता' एवढं लिहून मोकळी होतात, पुरावा म्हणून देत नाहीत. म्हणून मी प्रश्न घातला: 'चेअरमन महत्त्वाकांक्षी आहे. सभेतील दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा. आठ मार्क.' झेरॉक्सवाल्या लुस्वेतीला त्रेचाळीस प्रती सांगितल्या. लुस्वेतीनं किती काढल्या ते त्याचं तो जाणे. पण आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत 'हे येणार आहे' अशी कुजबूज झाली की कागद हातोहात जातो. बुधवारपर्यंत ती पुस्तिका ज्यांचं कुणी चौथ्या फॉर्मात नाही त्यांच्याही घरी पोचली होती.

गुरुवारी वालुबेंगो पुस्तिका घेऊन माझ्या दारात उभा. माझ्या बायकोनं, मेट्रिननं, चहा ठेवला. मी मनात अब्रुनुकसानीच्या खटल्याची तयारी केली.

"म्वालिमू," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "आठच मार्क?"

"प्रश्नाच्या मानानं आठ पुष्कळ आहेत."

"आणि महत्त्वाकांक्षी म्हणजे चांगलं की वाईट?"

"पुरावा दिला तर दोन्ही."

"मग 'दूरदृष्टीचा' करा ना. आणि बारा मार्क." त्यानं चहाचा घोट घेतला. "बाकी पान तीन फक्कड जमलंय. मी ते असिस्टंट चीफच्या ऑफिसात देऊन आलो. शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मांडव पडायचा, त्याच्या आत टपरी हलते."

"कुणाची टपरी?"

वालुबेंगो मनापासून हसला. "काय म्वालिमू. अहो, अनुमोदक तुम्हीच."

तो गेल्यावर मी पान तीन, म्हणजे नान्जालाचं उत्तर, पहिल्यांदाच मजकूर म्हणून वाचलं. मेट्रिन मागून वाचत होती. "वा," ती म्हणाली, "आता भाजी कुठून आणायची? इतिवृत्तातून?"

मी लगोलग टपरीवर गेलो. नान्जालाच्या आईनं मला पाहून पालेभाजीची जुडी बांधायला घेतली, रोजच्यासारखीच.

"या म्वालिमू. अजून आठ-नऊ दिवस आहे मी इथं."

"त्यात माझा हेतू तसा नव्हता," मी म्हणालो.

"हेतू लिहिलेला नाही त्यात. पोरीनं वाचून दाखवलं मला सगळं." तिनं जुडीत आणखी एक मूठ पाला घातला. "पैकीच्या पैकी मिळाले म्हणाली. मी भिंतीला लावलंय ते. या टपरीवर माझी चार लेकरं शिकली, पण वीसपैकी वीस घरात पहिल्यांदाच आले."

बाईनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी घरी येऊन जेवलो असतो. त्या जास्तीच्या मूठभर पाल्यानं माझी भूकच मेली. लाज वाटली मला, चक्क लाज.

दुसऱ्या दिवशी असिस्टंट चीफला, म्हणजे वस्तीवरच्या सरकारी अधिकाऱ्याला, गाठलं आणि सांगितलं की ते एक वर्गातलं उत्तर आहे, सरकारी कागद नव्हे. त्यानं फाईल उघडून पान तीन माझ्यापुढे धरलं. "सरकारी शिक्षकाची सही. शिक्का. शिवाय 'उत्कृष्ट'. माझ्याकडे कोर्टाचे कागद येतात, म्वालिमू. त्यांच्यावरही वीसपैकी वीस नसतात."

शेजारचे म्झे साकारी, म्झे म्हणजे वडीलधारे, जिल्हा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वस्तीत कुणाचंही काही अडलं की ते खुर्ची अंगणात आणून बसतात. त्यांनी डोळे मिटून सल्ला दिला, "साक्षीदार त्रेचाळीस आहेत ना? मग एक तरी चुकलेला शोध. एकानं जरी दुसरं नाव लिहिलं असेल तर प्रकरण संशयास्पद. संशयास्पद म्हणजे फाईल वर जाते. वर गेलेली फाईल मी चाळीस वर्षांत परत आलेली पाहिली नाही."

मी शनिवार-रविवार ते त्रेचाळीस कागद पुन्हा उपसले. आयुष्यभर चुका काढून वैतागलेला माणूस मी, आणि आता एका चुकीसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो. चुका होत्या, नाही असं नाही. सिमियूनं सभा पुढच्या वर्षी भरवली होती. बराझानं शेवटची प्रार्थना आधी आणि सुरुवातीची नंतर टाकली होती. एकीनं तर चेअरमनला अनुपस्थित दाखवलं होतं. पण 'अनुमोदक : म्वालिमू खायेम्बा' ही ओळ त्रेचाळीसही जणांनी बिनचूक लिहिली होती. ज्या मकारीनं चार वर्षांत एक निबंध पुरा केला नाही, त्यानं ती ओळ लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. माझं शिकवणं आयुष्यात एकदाच शंभर टक्के उतरलं, ते असं.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी 'कारणे दाखवा' नोटीस हातात ठेवली. विनामंजुरीचं शैक्षणिक साहित्य बाजारात विकलं जातंय, अशी वरून विचारणा झाली होती. मी उत्तर दिलं ते पत्रलेखनाच्या सगळ्या नियमांना धरून दिलं, विषय अधोरेखित, परिच्छेद पाच. बाईंनी ते वाचलं. "खायेम्बा सर, पत्र सुरेख आहे," त्या म्हणाल्या, "पण यात कारण कुठे आहे?"

त्या दिवशी तास संपल्यावर मी नान्जालाला थांबवलं.

"अगं, माझं नाव का लिहिलंस? तुझ्याच आईची टपरी. गाळायचंस की."

मी काहीतरी भलतंच विचारावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सर, मार्क गेले असते."

"आणि टपरी गेली तर?"

"टपरीचं मला कळलं होतं सर," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं होतंत, आपलं मत घालायचं नाही. आणि तुम्ही उठून उभे राहिला होतात. मला वाटलं, सरांनी विचार केला असेल."

मी तिला घरी जायला सांगितलं आणि फळा पुसत बसलो. फळा आधीच पुसलेला होता.

बुधवारी उद्घाटनाच्या तयारीची सभा होती. पोरांना नेलं, कारण मंजुरी 'दोन सहलीं'ची होती आणि न वापरलेल्या मंजुरीचा खुलासा द्यावा लागतो. हॉल गच्च भरला होता. पुस्तिका वाचल्यापासून प्रत्येकाला आपण इतिवृत्तात यावं असं वाटू लागलं होतं. नळावरच्या झाडून साऱ्या बायका आल्या होत्या. नान्जालाची आई टपरीवर गोणपाट टाकून आली होती, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

वालुबेंगो थेट मांडवाच्या रंगावर आला. मी उठलो. या खेपेला विचार करून उठलो.

आता माझ्या भाषणाबद्दल मी स्वतः काय सांगावं? पण पंचवीस मिनिटं हॉलमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. मी शिक्षणाच्या हेतूपासून सुरुवात केली. आकार आणि आशय यांतला फरक सांगितला. अनुमोदनाच्या शब्दामागच्या जबाबदारीवर बोललो. एका ठिकाणी माझाच आवाज भरून आला. म्झे साकारी डोळे मिटून ऐकत होते. मेट्रिनचं म्हणणं ते झोपले होते. शेवटी मी म्हणालो, "म्हणून मी माझं अनुमोदन मागे घेतो."

"भाषण झकास," वालुबेंगो म्हणाला. "पण मागे घ्यायची सोय आहे का? ठराव झाला. कागद झाला. आता मागे कुठून घेणार?"

पंचवीस मिनिटं बोलल्यावर माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. नान्जाला. निमंत्रिताला बोलायचा हक्क नाही, म्हणून ती नुसती हात वर करून बसली. बायकांमध्ये चुळबूळ झाली. "बोलू दे की पोरीला," कुणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल "हो हो हो" म्हणाला.

नान्जाला उठली. तिनं माझी पुस्तिका उघडली आणि वाचलं, "पान एक, नियम सहा. मागील सभेचे इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम होईपर्यंत कच्चे समजावे. कायम करण्यास सूचक व अनुमोदक आवश्यक." मग तिनं चेअरमनकडे पाहिलं. "आज अजून वाचलेलं नाही." आणि खाली बसली.

नियम सहा मीच लिहिला होता. कधी लिहिला ते आठवेना.

वालुबेंगोला वाचावंच लागलं. त्यानं वाचलं आणि विचारलं, "सूचक?" त्याच्या मेव्हण्यानं हात वर केला. "अनुमोदक?"

सवयीनं सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागच्या बाकांवर त्रेचाळीस पेनं हवेत थांबली. खोटं कशाला सांगू, शब्द माझ्या ओठांवर आला होता. मोकळा रकाना मला बघवत नाही. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि छताकडे पाहत बसलो. वालुबेंगोनं तीनदा विचारलं. नळावरची एक बाई म्हणाली, "चेअरमन, आम्ही रांगेत उभ्या राहून भाजी घेतो तिच्याकडे. पुढचं घ्या." मग त्यानं पुढचं घेतलं.

शनिवारी मांडव पडला तो टपरीला पोटात घेऊनच. मेंबरसाहेब टपरीच्या सावलीत बसले, तीन केळी खाल्ली आणि लोकांच्या रोजगाराची काळजी घेणारी कमिटी म्हणून वालुबेंगोची पाठ थोपटली. वालुबेंगोनं मला गर्दीतून खूण केली. "पाहिलंत?" तो नंतर म्हणाला. "दूरदृष्टी. दुसरा प्रसंग मिळाला तुम्हाला." प्रश्न मी बदललेला नाही, पण मार्क दहा केले आहेत.

रविवारी दुपारी बुधवारच्या सभेची इतिवृत्तं तपासायला घेतली. नान्जालाचं आधी काढलं. या वेळी मी आकार पाहिला नाही, माझं भाषण शोधलं. पंचवीस मिनिटं म्हणजे निदान दोन पानं हवीत. आकार आणि आशय? नाही. जबाबदारी? नाही. भरून आलेला आवाज? त्याचा मागमूस नाही. मुद्दा क्रमांक दोनखाली स्वच्छ अक्षरात एवढंच होतं:

'म्वालिमू खायेम्बा यांनी आपली चूक झाल्याचे मान्य केले. सूचक : स्वतः म्वालिमू खायेम्बा. अनुमोदक : सर्व उपस्थित.'

मी लाल पेन उचललं. एखादा मार्क कापावा म्हणून शब्द न् शब्द तपासला. मेट्रिन फडक्याला हात पुसत आली, वाकून वाचलं आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

वीसपैकी वीस द्यावे लागले.